गुरूने हात केव्हा आवरावा?

(चित्रकला शिक्षक व विद्यार्थी यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



अवनींद्रनाथ ठाकुरांच्या आठवणींमध्ये एका चित्राची हकिकत आहे. त्यांचा एक आवडता शिष्य उमेच्या तपश्चर्येचे चित्र काढून त्यांच्याकडे घेऊन आला. चित्रात रंग अगदी मोजका होता. अलंकार नाहीत, फुलांची आरास नाही, तपाने कृश झालेली उमा आणि भोवती विरक्त निसर्ग. गुरूंनी चित्र न्याहाळले आणि सुचविले, की हे फारच कोरडे वाटते. उमेला थोडे सजवावे, रंग थोडा खुलवावा. शिष्याने मान लववली, चित्र उचलले आणि तो निघून गेला. त्या रात्री गुरूंना झोप आली नाही. आपण काय सांगून बसलो, हा एकच विचार मनात घोळत राहिला. शिष्याने जी उमा पाहिली ती तपस्विनी होती. तिला नटविण्याचा सल्ला देणारे आपण कोण? पहाट होताच ते शिष्याकडे धावत गेले. शिष्य चित्र पुढ्यात घेऊन रंग लावण्याच्या बेतातच होता. गुरूंनी त्याचा हात थांबविला. आणखी थोडा उशीर झाला असता, तर एक उत्तम चित्र आपल्या हातून नासले असते, अशी कबुली पुढे अवनींद्रनाथांनी स्वतःच दिली.

त्या शिष्याचे नाव नंदलाल बोस.

चित्रकलेच्या शिक्षणाविषयी पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण शिक्षकाची खरी कसोटी कोठे लागते, हे या एका प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते. चुकीची दुरुस्ती करणे सोपे असते. समोर दिसते ते चुकीचे आहे, की केवळ आपल्या सवयीहून निराळे आहे, हे ओळखणे मात्र अतिशय कठीण. गुरू श्रेष्ठ, म्हणून त्याचा शब्द अखेरचा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु आपल्या परंपरेतला श्रेष्ठ गुरू रात्रभर तळमळणारा आणि पहाटे शिष्याच्या दारी जाऊन आपला शब्द मागे घेणारा आहे, हे विसरून चालणार नाही.

नंदलालांचा जन्म १८८२ मध्ये बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात खडगपूर येथे झाला. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत ते अवनींद्रनाथांचे विद्यार्थी झाले, तेव्हा त्या शाळेचे प्राचार्य होते ई. बी. हॅवेल. पुढे रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू केले आणि १९२२ पासून त्याची धुरा नंदलालांनी वाहिली. शिष्य त्यांना ‘मास्टरमोशाय’ म्हणत. देशातील रेखाटनाच्या अध्यापनाला त्यांनी जे वळण दिले, त्याचा विचार महाराष्ट्रात फारसा झालेला नाही. बंगाल म्हणजे भावुक जलरंग आणि मुंबई म्हणजे भक्कम रेखाटन, अशी एक सोयीची वाटणी आपल्याकडे रूढ झाली आणि तेवढ्यावरच आपण थांबलो.

ही वाटणी कशी झाली, हे पाहण्यासाठी आपल्या घरातूनच आरंभ करावा लागेल. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. त्या काळातील सर्व सरकारी कलाशाळांप्रमाणे तिचा अभ्यासक्रमही लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या साच्यातून आला. आधी सरळ रेषा आणि वक्ररेषा, मग छापील नमुन्यांवरून नक्कल, मग घन आणि शंकू यांचे छायाप्रकाश, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे. एवढी पायरी चढल्यावर जिवंत सृष्टीकडे पाहण्याची परवानगी! उद्योगांना कुशल कारागीर आणि नकाशे काढणारे हात हवे होते. त्या गरजेतून ही रचना आली होती. तिने हात घडविला, यात शंका नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांनी वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र गिरवले, ती याच वृक्षाची फांदी. रावबहादूर धुरंधरांसारखा माणूस याच शाळेतून निघाला. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना त्या शिक्षणाची शिस्त ठाऊक आहे. पण धुरंधरांच्या चित्रांतली मुंबईची गर्दी, नऊवारीतल्या बायका, पगड्या घातलेले शेटजी प्लास्टरच्या ठशांतून आलेले नाहीत. ते रस्त्यावर उभे राहून पाहिलेले आहेत. शाळेने हात दिला, डोळा त्यांनी स्वतः मिळविला. असे धुरंधर किती निपजणार, हा खरा प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.चे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. एवढी वर्षे भारतीय रेषेचा सर्वांत मोठा ग्रंथ त्यांच्यासमोर उघडा पडला होता. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि त्यांतील बऱ्याच आगीत नष्ट झाल्या. त्याहून मोठे नुकसान हे, की मुंबईच्या वर्गात पुतळ्यांचे ठसे होते तेथेच राहिले. अजिंठा हा प्रतिकृती करण्याचा विषय झाला. शिकण्याची पद्धत झाला नाही. पुढे १९०९च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत तरुण नंदलाल त्याच लेण्यांत आले. त्यांनीही प्रतिकृतीच केल्या. पण ते परतले ते पाहण्याची एक रीत घेऊन. शरीराचे वजन, मानेचा कल, बोटांची लय हे सारे छायेच्या आधारावाचून एका वाहत्या रेषेत कसे सामावते, हे त्यांनी तेथे पाहिले. नंतर १९२१ मध्ये बाघच्या लेण्यांतही ते गेले.

मुंबईत १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या पुढाकाराने जिवंत मॉडेलसमोर बसून रेखाटन करण्याचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षी शांतिनिकेतनात कलाभवन उघडले. दोघांनाही प्लास्टरच्या निर्जीव पुतळ्यांपासून सुटका हवी होती. मुंबईने बंद खोलीत, मंचावर, ठरावीक प्रकाशात बसलेला माणूस निवडला. नंदलालांनी भात रोवणारी संथाळ स्त्री, गाडी ओढणारा बैल, वाऱ्याने वाकलेले ताडाचे झाड निवडले. मंचावरचा माणूस स्थिर बसतो, म्हणून त्याचे माप घेता येते. रोपे लावणारी स्त्री थांबत नाही. तिला पाहावे लागते, मनात साठवावे लागते आणि नंतर कागदावर उतरवावे लागते. स्मरणशक्ती ही रेखाटनाची पहिली सामग्री आहे, हा नंदलालांच्या अध्यापनाचा पाया होता. कोनमापे आणि अंतरे यांच्याआधी वस्तूचा प्राणछंद, म्हणजे तिच्यातून वाहणारी जीवनाची लय, हाती लागली पाहिजे, असे ते मानीत. शरीररचनेला त्यांचा विरोध नव्हता. पण हाडे आणि स्नायू यांची यादी पाठ केल्याने हालचाल समजत नाही, ही त्यांची खात्री होती.

कलाभवनात १९४० मध्ये एक विद्यार्थी आला. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचा पदवीधर, विषय अर्थशास्त्र. चित्रकार होण्याची त्याला फारशी इच्छाही नव्हती. त्याचे नाव सत्यजित राय. झाड कसे काढावे, याविषयी नंदलालांनी दिलेला धडा रायांनी पुढे नोंदवून ठेवला आहे. झाड वरून खाली काढू नये. ते जमिनीतून वर वाढते, म्हणून कुंचलाही बुंध्यापासून वर गेला पाहिजे. ऐकायला किती साधी गोष्ट! कागदावर शेवटी रेषा तीच दिसणार, मग आरंभ कोठून केला याने काय बिघडते? पण ज्याने एकदा तसे काढून पाहिले आहे, त्याला फरक कळतो. खालून वर जाताना हाताला झाडाचा जोर लागतो, फांदी फुटते तेथे हात थबकतो, शेंड्याला पोहोचेपर्यंत तो हलका होतो. हात झाडाची नक्कल करीत नाही, झाडासारखा वाढतो. रायांनीच सांगितलेला दुसरा धडा गाईगुरांच्या चित्रांचा. बाह्यरेषा चांगली आली, तरी जनावर म्हणजे बाह्यरेषा नव्हे. कातडीखालचे मांस आणि हाडे जाणवली पाहिजेत आणि ती जाणीव पेन्सिलीच्या चालीत दिसली पाहिजे, असा त्याचा आशय होता.

राय १९४२च्या अखेरीस अभ्यासक्रम अपुरा सोडून निघून गेले. परंतु ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण ज्या वहीच्या आधारे झाले, तिच्यात संवादांची नीटनेटकी पटकथा नव्हती, प्रसंगांमागून प्रसंग रेखाटलेले होते. रेखाटनाचे शिक्षण चित्रकारच घडविते, हा समज किती अपुरा आहे, हे यातून दिसते.

नंदलालांच्या या विचाराचे मूळ शोधायचे, तर ते फार मागे जाते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडविण्याची विद्या विचारतो. ऋषी सांगतात, आधी चित्र शिकावे लागेल. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत समजले पाहिजे. पाषाणात हात घालायचा म्हणून निघालेल्या राजाला गाण्याच्या दारात आणून उभे केले आहे. यातला अर्थ काव्यात्म म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. तो थेट अध्यापनाचा क्रम आहे. लय कळल्यावाचून रेषा कळत नाही. त्याच चित्रसूत्रात पाण्याच्या लाटा, ज्वाला, धूर आणि पताका वाऱ्याच्या गतीप्रमाणे जो काढू शकतो, त्याला चित्रविद्येचा जाणकार म्हटले आहे. निजलेला माणूस आणि मृत माणूस यांतला भेद जो दाखवू शकतो, त्यालाही. आजच्या कोणत्याही कलामहाविद्यालयाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर एवढीच परीक्षा ठेवून पाहावी. निजलेला आणि मेलेला यांची मापे सारखीच भरतील. मोजपट्टी तेथे उपयोगी पडत नाही. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही चित्राची षडंगे अवनींद्रनाथांनी आधुनिक वाचकांसाठी नव्याने उलगडली, तीही याच भूमिकेतून. प्रमाण सहांपैकी एक आहे. ते सर्वस्व नाही, आणि ते वगळावयाचेही नाही.

असे असूनही नंदलाल परंपरेचे आंधळे पुजारी नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण त्यांचे नाव घेऊन पुष्कळांनी तसे केले. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो १९१२ मध्ये भारतात आले असता त्यांनी आगपेटीतल्या तीन काड्यांचा त्रिकोण मांडून दाखविला होता. एक काडी निसर्ग, दुसरी परंपरा, तिसरी स्वतःची प्रतिभा. एक काढली, तर त्रिकोण मोडतो. नंदलालांनी ही खूण जन्मभर जपली आणि विद्यार्थ्यांपुढे वारंवार ठेवली. बंगाली शैलीच्या नावाखाली धूसर रंगात लांबट डोळ्यांच्या नायिका काढणारे कितीतरी चित्रकार त्या काळात निर्माण झाले. त्यांच्यापाशी दुसरी काडी होती, पहिली आणि तिसरी नव्हती. अजिंठ्याची बोटे काढायची, पण स्वतःच्या आईची बोटे कधी निरखायची नाहीत, यातून परंपरा जगत नाही. भारतीयत्वाचा असा साचा करणे आणि प्लास्टरच्या ठशाचा साचा करणे यांत मूलतः काही फरक नाही.

निसर्गाची काडी जिवंत ठेवण्यासाठी नंदलालांनी स्वतः जे केले, ते कोणत्याही व्याख्यानाहून बोलके आहे. खिशात कोरी कार्डे ठेवून ते वाटेत जे दिसेल ते टिपून ठेवीत. मुंगी, शेळी, ओढ्यावरची बाई, पावसातली छत्री. अशी रेखाटने पत्रांच्या रूपाने शिष्यांना आणि स्नेह्यांना पाठविली जात. विद्यार्थ्यांच्या सहली निघत, तेव्हा त्यांतही हाच उद्योग चाले. आचार्य स्वतः रोज विद्यार्थी असतो, हे सांगावे लागत नव्हते. ते दिसत होते.

शिक्षणाची ही तऱ्हा वर्गाच्या भिंतींत मावणारी नव्हती. महाराष्ट्राने ती प्रत्यक्ष पाहिली आहे. जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्या नगराच्या सजावटीचे काम गांधीजींनी नंदलालांवर सोपविले. त्यांनी परिसरातला बांबू आणि गावात मिळणारे साहित्य वापरून ते उभे केले. पुढे, १९३८ मध्ये, हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सुमारे ४०० चित्रफलक तयार केले. त्यांत देवदेवतांची शोभायात्रा नव्हती. ढोल वाजविणारा, सुतार, कुंभार, मल्ल, मुलाला जवळ घेतलेली आई अशी गावातली माणसे होती. भरघाव कुंचल्याने, मोजक्या मातकट रंगांत, काही क्षणांत काढलेली ही चित्रे. काही क्षणांत काढता आली, कारण त्यांच्यामागे पाहण्याची पंचवीस वर्षे होती. बडोद्याच्या गायकवाडांच्या कीर्तिमंदिरातील नंदलालांची भित्तिचित्रे ज्यांनी पाहिली नसतील, त्यांनी ती आवर्जून पाहावीत. मुंबईहून एका रात्रीचा तर प्रवास आहे.

संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीचे सुशोभन नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी केले, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. वनवासातून परतणारे राम-लक्ष्मण-सीता, अर्जुनाला उपदेश करणारा श्रीकृष्ण, छत्रपती शिवाजी महाराज ही त्यातील चित्रे अनेकांनी पाहिली आहेत. त्यामागची शिकवण तितकीशी सांगितली जात नाही. सारनाथच्या सिंहस्तंभाचे रेखाटन करण्याचे काम दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याकडे आले. दगडातले सिंह काढायचे होते, त्यांची छायाचित्रे उपलब्ध होती, ती समोर ठेवून काम सहज उरकले असते. भार्गव यांच्या कुटुंबीयांनी सांगितल्याप्रमाणे, नंदलालांनी त्यांना जिवंत सिंह पाहण्यासाठी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात वारंवार पाठविले. अशोकाच्या शिल्पींनी जे पाहिले होते, तेथवर आधी पोहोच आणि मग त्यांचे सिंह काढ, एवढाच त्याचा अर्थ.

आजचा विद्यार्थी सिंह कोठे पाहतो? त्याच्या हातातल्या फोनवर. निसर्गचित्राला बाहेर नेले, तरी आधी छायाचित्र घेतले जाते आणि घरी बसून त्यावरून चित्र होते. यात आळस आहे, असे म्हणून भागत नाही. छायाचित्राने खोली, वजन आणि काळ यांचा निर्णय आधीच करून टाकलेला असतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला निर्णय उरतच नाही. ही नव्या काळातली प्लास्टरची मूर्तीच होय, फक्त ती खिशात मावते. परीक्षेच्या तयारीसाठी ठरावीक स्मरणचित्रे पाठ करवून घेणारे वर्गही आपल्या परिचयाचे आहेत. जत्रेचे चित्र म्हणजे डावीकडे पाळणा, उजवीकडे फुगेवाला! ज्या मुलाने गावच्या जत्रेत स्वतः डोळे भरून पाहिले आहे, त्याचाही हात फुगेवाल्याकडेच वळतो, कारण गुण तेथे आहेत. पालकांना श्रेणी हवी असते आणि शिक्षकाला निकाल. दोघांचाही हेतू वाईट नसतो. उमेला थोडे सजवावे, हाही हेतू वाईट नव्हताच.

नंदलालांच्या पद्धतीला मर्यादा नव्हत्या, असे नाही. ठरावीक पायऱ्या नसलेल्या शिक्षणात मध्यम कुवतीचा विद्यार्थी भरकटतो, आणि तसे काही भरकटलेही. पायऱ्या असलेल्या शाळेत तो निदान कुशल कारागीर होतो, हा मुंबईचा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. पण स्वतःच्या आवडीविरुद्ध जाणाऱ्या शिष्याला वाव देण्याची ताकद कोणत्या पद्धतीत होती, हे पाहायचे तर रामकिंकर बैज यांच्याकडे पाहावे. बांकुड्याच्या एका गरीब घरातला हा मुलगा १९२५ मध्ये कलाभवनात आला. त्याचे काम पाहून नंदलाल म्हणाले, की तुला तर सारे येतेच, तरी दोन-तीन वर्षे राहा. ती दोन-तीन वर्षे कधी संपलीच नाहीत, असे रामकिंकर नंतर गमतीने सांगत. नंदलालांना तैलरंगांची गोडी नव्हती. रामकिंकरांनी तैलरंग घेतले. नंदलालांची वृत्ती संयमाची. रामकिंकरांनी सिमेंट आणि मुरमाच्या खड्यांतून १९३८ मध्ये ‘संथाळ कुटुंब’ हे धिप्पाड शिल्प उघड्या माळावर उभे केले. ते आजही तेथे आहे.

आणि बिनोदबिहारी मुखर्जी. लहानपणापासून त्यांचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याची दृष्टी अत्यंत अधू. कलाभवनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. असा मुलगा चित्रकला शिकून काय करणार, अशी शंका नंदलालांच्याही मनात आली आणि ती त्यांनी रवींद्रनाथांना बोलून दाखविली. मुलगा नियमाने बसतो का, त्याचे मन कामात लागते का, एवढेच रवींद्रनाथांनी विचारले. आणि तसे असेल, तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, असे सांगितले. नंदलालांनी त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिले. याच बिनोदबिहारींनी १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन भारतीय संतांचे विशाल भित्तिचित्र काढले. ओल्या गिलाव्यावर, पूर्ण आकाराचा आराखडा न करता, थेट. कबीर, सूरदास, तुलसीदास आणि त्यांच्या भोवतीचा जनसमुदाय तीन भिंतींवरून नदीसारखा वाहत जातो. जेमतेम एका डोळ्याने पाहणाऱ्या माणसाने हे केले.

१९५६-५७च्या सुमारास, शस्त्रक्रियेनंतर, तो डोळाही गेला. तेव्हाही बिनोदबिहारी थांबले नाहीत. ते कागद दुमडून आणि कापून आकार करू लागले, मेणाच्या लहान आकृती घडवू लागले, बोटांनी कागदाची कड चाचपून रेषा ओढू लागले. १९७२ मध्ये कलाभवनाच्या एका भिंतीवर त्यांनी चिनीमातीच्या फरश्यांचे भित्तिचित्र पूर्ण केले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्याने, सत्यजित रायांनी, त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. त्यात काळा चष्मा घातलेले बिनोदबिहारी आपल्या कामात गढलेले दिसतात, आणि जवळ उभा राहून त्यांचा हात दुरुस्त करणारा कोणीही नाही.